मेलबर्नचा सामना आणि गेवराईचें कार्ड

स्मरणिकेच्या संपादक-मंडळानें माझ्याकडे "इतिहासपर कांहीं" लिहून मागितलें, तेव्हां त्यांच्या मनांत कोणता इतिहास होता हें मीं ओळखलें. परंतु आपल्या धर्मग्रामाचा वृत्तांत ह्याच पुस्तकांत अन्यत्र माझ्याहून अधिक माहितगार मंडळींनीं लिहिला आहे, आणि तेंच दळण पुन्हा दळण्यांत वाचकांचा कांहीं लाभ नाहीं. म्हणून मी आज एका फुटबॉलच्या सामन्याची हकीकत सांगणार आहें. धर्मगुरूनें उत्सवाच्या पुस्तकांत चेंडूच्या गोष्टी सांगाव्या हें कोणास चमत्कारिक वाटल्यास त्यानें एवढेंच ध्यानांत घ्यावें कीं, सेमिनरींत आम्हांस सकाळीं तत्त्वज्ञान आणि सायंकाळीं फुटबॉल असे दोन विषय असत, आणि दुसऱ्या विषयांतील माझी प्रगति पहिल्यापेक्षां फारशी वाईट नव्हती. देहाच्या विस्तारामुळें मला नेहमीं गोलांत उभें करीत.

गेवराईस फुटबॉलचें माहेर म्हणतां येणार नाहीं. येथें कुस्तीचा फड समजतो, कबड्डी समजते; फुटबॉल म्हणजे शाळेच्या कपाटांतील हवा गेलेली वस्तु. ह्या तालुक्याच्या इतिहासांतील जो सामना मुलांना पाठ असतो तो निराळाच. गोदावरीच्या कांठीं राक्षसभुवन येथें १० ऑगस्ट १७६३ रोजीं थोरले माधवराव पेशवे आणि निजाम यांच्या सैन्यांची गांठ पडली व पेशव्यांचा जय झाला. मला सांगावयाची गोष्ट त्यानंतर १९३ वर्षांनीं, येथून हजारों कोसांवर, समुद्रापलीकडे घडली. आणि तिच्यांत निजामाच्या जुन्या राजधानीचे लोक व मुंबईचे लोक एकाच बाजूला होते.

ती मला जशी कळली तशीच सांगतों. २००२ सालीं जपान व दक्षिण कोरिया येथें जागतिक चषकाचे सामने झाले. मी तेव्हां तिशींतला पुरोहित होतों. ३० जून रोजीं, रविवारीं, ब्राझील व जर्मनी यांचा अंतिम सामना होता. आपल्याकडे तो दुपारीं उशिरां दिसणार होता. सकाळची उपासना आटोपून मी गेवराईंतील एका ओळखीच्या घरीं जाऊन बसलों. त्या घरच्या ओसरीवर शेजारचे एक वृद्ध मुसलमान गृहस्थ नेमानें येऊन बसत. त्यांना सारी आळी चाचा म्हणे. मीही तेंच म्हणत असें. मध्यंतर होऊन गेलें, गोल एकही झाला नव्हता, आणि आपल्या मराठवाड्याच्या रीतीप्रमाणें नेमकी त्याच वेळीं वीज गेली. ती परत आली तेव्हां ब्राझीलच्या रोनाल्डोनें दोन्ही गोल करून चषक जिंकला होता. आम्हांपैकीं कोणीं तो पाहिला नाहीं. घरांतल्या मुलांनीं वीज मंडळाच्या नांवानें बोटें मोडलीं. चाचा मात्र शांतपणें पान लावीत बसले होते.

ते म्हणाले, "फादरसाहेब, जो गोल मी पाहिलाच नाही, त्याच्या आनंदावर मी सेहेचाळीस वर्षं काढली. आजचाही राहिला, तर काय बिघडलं?"

वीज दोन तास नव्हती. त्या दोन तासांत, आणि पुढें अनेकदां, त्यांनीं जें सांगितलें तें पुढीलप्रमाणें. त्यांतील सामन्यांचे आंकडे मीं मागाहून पडताळून पाहिले आहेत. म्हाताऱ्याच्या स्मृतीनें मला कोठेंही फसविलें नाहीं.

चाचांचा जन्म गेवराईचा, १९४० सालचा. वडील शिवणकाम करीत. १९४८ च्या सप्टेंबरांत हैदराबाद संस्थान भारतांत विलीन झालें. रझाकारांच्या दिवसांत मराठवाड्यांतील पुष्कळ घरांनीं सोसलें होतें, आणि त्यानंतरच्या दिवसांत दुसऱ्या पुष्कळ घरांस सोसावें लागलें. चाचा त्यांविषयीं बोलत नसत. एवढेंच सांगत कीं, १९५० सालीं आईनें त्यांस हैदराबादेस मामाकडे पाठवून दिलें. मामा हैदराबाद सिटी पोलिसांत शिपाई होते. दहा वर्षांचें हें पोर शाळा सुटली कीं पोलिसांच्या मैदानावर जाई आणि गोलामागें उभें राहून बाहेर गेलेले चेंडू परत देई.

तें मैदान साधें नव्हतें, हें येथें थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे. पोलिसांच्या संघाची शिकवण त्याच सुमारास सय्यद अब्दुल रहीम यांजकडे आली होती. हे गृहस्थ पेशानें शिक्षक. चेंडूच्या खेळालाही त्यांनीं शाळेंतल्या विषयाप्रमाणें धडे पाडून दिले. ज्याचा उजवा पाय चालतो त्याला नुसत्या डाव्या पायानें खेळावयास लावावें. चेंडू एकट्यानेंच पायांत घोळवीत नेण्यास बंदी घालून सामने घ्यावे. असा त्यांचा परिपाठ होता. ज्याला सोबत्याकडे चेंडू देतां येत नाहीं त्याला खेळ येत नाहीं, हा त्याचा मथितार्थ. (माझ्या शिक्षकांपैकीं एकानें मला तत्त्वज्ञान अशा रीतीनें शिकविलें असतें तर बरें झालें असतें.) मुंबईस १८९१ पासून रोव्हर्स चषकाची स्पर्धा भरत असे. आतां ती बंद पडली आहे. त्या काळीं मात्र देशांतील पहिल्या प्रतीच्या स्पर्धांत तिची गणना होई. बहुतेक वर्षें हा चषक गोऱ्या पलटणींनींच नेला. १९३७ सालीं बंगलोरच्या मुस्लिम संघानें ती परंपरा मोडली. आणि १९५० पासून १९५४ पर्यंत ओळीनें पांच वर्षें तो हैदराबादच्या पोलिसांनीं मुंबईहून उचलून नेला. १९५० सालींच दिल्लीस ड्युरंड चषकाच्या अंतिम सामन्यांत मोहन बागान दोन गोलांनीं पुढें असतां त्यांनीं दोन्ही गोल फेडले व पुन्हा खेळविलेला सामना एका गोलानें जिंकला. चाचांचे मामा खेळाडू नव्हते, साधे पहाऱ्याचे शिपाई होते. परंतु संघ चषक घेऊन आला कीं मामांची चाल बदले, असें चाचा हंसत सांगत. एका खेळाडूनें टाकून दिलेले बूट मामांनीं भाच्यास मिळवून दिले. ते बोटभर मोठे होते. पुढच्या टोकांत चिंध्या भरून तो ते घाली.

बुटांची गोष्ट निघाली म्हणून सांगतों. १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकांत आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले. फ्रान्सनें आपणांस दोहोंस एक असें हरविलें, त्यांत दोन पेनल्टी आपण वायां घालविल्या. अनवाणी पायांचें तेव्हां जगानें कौतुक केलें. परंतु कौतुकानें सामना जिंकतां येत नाहीं हें १९५२ सालीं हेलसिंकी येथें दिसून आलें. युगोस्लाव्हियानें आपल्यावर दहा गोल चढविले. आपला एक झाला. त्यानंतर बूट सक्तीचे करण्यांत आले. मला वाटतें, आपल्या देशांत पुष्कळ सुधारणा अशाच होतात: दहा गोल बसल्यावर.

आतां १९५६ सालाकडे येऊं. त्या वर्षीं उन्हाळ्यांत चाचांचे वडील आजारी पडले आणि मुलाला शाळा सोडून गेवराईस परत यावें लागलें. निघण्याच्या गडबडींत बूट हैदराबादेसच राहिले. पुढें १ नोव्हेंबर रोजीं राज्यांची पुनर्रचना अमलांत आली. हैदराबाद राज्य मोडलें. तेलंगण आंध्र प्रदेशांत गेलें, कन्नड जिल्हे म्हैसूरकडे गेले, आणि औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद हे आपले पांच जिल्हे मुंबई राज्यांत आले. मराठी माणसांना, संयुक्त महाराष्ट्र अद्याप दूर असला तरी, आपल्या भाषेच्या माणसांत आल्याचा आनंद होता, आणि तो योग्यच होता. परंतु प्रत्येक सरहद्द कोणाच्या ना कोणाच्या ओसरीवरून जाते. सोळा वर्षांच्या त्या मुलास एका सकाळीं समजलें कीं, आपण घरांत होतों तेथेंच आहों, पण मामा परराज्यांत गेले. त्याचें शिक्षण उर्दूंत झालेलें. मराठी बोलतां येई, परंतु वाचतांना अक्षरें अडत. कचेरींतले कागद आतां मराठींत येणार. बाजारांत कोणी थट्टेनें विचारी, "काय रे, तुझं हैदराबाद कुठं गेलं?" विचारणारा वाईट नसे. ऐकणाऱ्याला मात्र उत्तर सुचत नसे.

मराठी वाचावयास शिकण्यासाठीं तो सायंकाळीं शाळेंतील एका गुरुजींकडे जाऊं लागला. त्या गुरुजींचें शिक्षण मुंबईस झालेलें. दुसरें कांहीं व्यसन नव्हतें, पण फुटबॉलचें होतें. कूपरेजच्या मैदानाबाहेर झाडावर बसून फुकट पाहिलेले सामने ते वर्गांत व्याकरण शिकवितांना सांगत. त्यांच्याकडे मुंबईचें मराठी वृत्तपत्र टपालानें येई. तिसऱ्या दिवशीं आलें तर लवकर आलें असें समजत. गुरुजींनीं त्या मुलास क्रमिक पुस्तक दिलेंच नाहीं. वृत्तपत्रांतील खेळांच्या बातम्या समोर टाकल्या आणि म्हणाले, "वाच."

अशा रीतीनें गेवराईंत एका मातीच्या घरांत, कंदिलाच्या उजेडांत, एक हैदराबादचा भक्त आणि एक मुंबईचा भक्त समोरासमोर बसून मेलबर्नच्या ऑलिंपिकची वाट पाहूं लागले.

भारताच्या संघाचे शिक्षक होते रहीमच. संघांत हैदराबादेकडचे अझीझुद्दीन, नूर मोहम्मद, अहमद हुसेन, झुल्फिकारुद्दीन आणि तुलसीदास बलराम. बंगालकडचे समर बॅनर्जी हे नायक, त्यांखेरीज प्रदीपकुमार बॅनर्जी, निखिल नंदी, किट्टू. शिवाय थंगराज, रहमान, लतीफ, केम्पय्या, कन्नन असे ठिकठिकाणचे वीर. मुंबईहून गोलरक्षक नारायण आणि पुढच्या फळीच्या मध्यावर खेळणारे नेव्हिल डिसूझा. डिसूझा मूळचे गोव्याचे. गोवें त्या वेळीं पोर्तुगीजांच्या हातीं होतें. वय चोवीस. हीं नांवें वाचतांना मुलाची जीभ मराठी अक्षरांतही अडखळली नाहीं, कारण निम्मीं त्याला तोंडपाठ होतीं. उरलेलीं निम्मीं गुरुजींना पाठ होतीं.

पहिल्या फेरींत भारताची गांठ हंगेरीशीं होती. हंगेरींत त्याच महिन्यांत रशियन रणगाडे शिरले होते. त्या दुर्दैवी देशाचा फुटबॉल संघ आलाच नाहीं, आणि न खेळतां आपण पुढें गेलों. दुसरा सामना यजमान ऑस्ट्रेलियाशीं, शनिवार १ डिसेंबर १९५६ रोजीं. मराठवाडा मुंबई राज्यांत आल्यास त्या दिवशीं बरोबर एक महिना झाला होता.

नवव्या मिनिटास डिसूझानें पहिला गोल केला. सतराव्या मिनिटास ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस मॉरोनें तो फेडला. तेहतिसाव्यास डिसूझानें दुसरा केला. एकेचाळिसाव्यास मॉरोनें तोही फेडला. मध्यंतरास दोहोंस दोन. असा सामना पाहणाऱ्याचा जीव कसा टांगणीस लागतो हें ज्यानें पाहिलें आहे त्यालाच ठाऊक. मध्यंतरानंतर पांचच मिनिटांनीं डिसूझानें तिसरा गोल केला. ऑलिंपिकच्या फुटबॉलांत एका सामन्यांत तीन गोल करणारा आशिया खंडांतील हा पहिला खेळाडू. ऐंशीव्या मिनिटास किट्टूनें चौथा केला आणि निकाल लागला: भारत चार, ऑस्ट्रेलिया दोन. ऑलिंपिकच्या उपांत्य फेरींत पोंचलेला आशियाचा हा पहिलाच संघ होता. चार वर्षांपूर्वीं ज्यांनीं दहा गोल खाल्ले त्यांची ही कमाई.

गेवराईस हें वर्तमान मंगळवारीं सायंकाळीं पोंचलें. गुरुजींनीं घडी मोडून पाहिलें आणि कागद मुलापुढें सरकविला. तो अक्षर अक्षर लावीत वाचूं लागला. "भा-र-ता-चा" येथपर्यंत धीर धरून गुरुजी बसले, मग त्यांच्यानें राहवेना. ते ओरडले, "अरे, जिंकले! आपल्या मुंबईच्या डिसूझानं तीन मारले!"

मुलगा उठून उभा राहिला. इतके महिने बाजारांत ज्याला उत्तर सुचत नव्हतें त्याच्या तोंडून एकदम निघून गेलें, "मुंबईचे कशाचे! रहीमसाहेबांनी शिकवलं म्हणून मारले! आमच्या हैदराबादचे आहेत ते!"

बोलून गेला आणि भ्याला. गुरुजी क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिले. मग एवढे मोठ्यानें हंसले कीं आंतून गुरुपत्नी बाहेर आल्या. ते म्हणाले, "अरे वेड्या, महिन्यापूर्वी गेवराई तुझ्या हैदराबादेत होती, आज माझ्या मुंबईत आहे. आपल्याला दोन्हीकडून मिळालं. सगळ्या हिंदुस्थानात एवढी चैन दुसऱ्या कुणाची झाली असेल?"

चाचा ह्या ठिकाणीं थांबत. मीं ही गोष्ट त्यांच्या तोंडून निदान दहा वेळां ऐकली. प्रत्येक वेळीं ते येथें थांबत आणि पानाचा डबा उगाच उघडून पुन्हा मिटीत.

गुरुपत्नींनीं गूळ-शेंगदाणे दिले. दुसऱ्या दिवशीं शाळा सुटल्यावर आठवडे-बाजाराच्या रिकाम्या जागेंत गुरुजींनीं स्वतः धोतराचा काचा मारून, चिंध्यांचा चेंडू शिवून घेऊन पोरांचा सामना लावला. चेंडू अर्थातच चाचांच्या वडिलांनीं शिवला होता, आजारांतून उठून, अंथरुणावर बसून. एका बाजूचें नांव हैदराबाद, दुसरीचें मुंबई. गेवराईंतील फुटबॉलचा जर कोणी कधीं इतिहास लिहिला तर त्यांत ह्या सामन्याची नोंद व्हावी अशी माझी संपादकांस विनंति आहे. त्या दिवशीं कोण जिंकलें हें मीं पुष्कळदां विचारलें. चाचा म्हणत, अंधार पडला.

परंतु इतिहास लिहावयाचा तर पुढचेंही लिहिलें पाहिजे. ज्या मंगळवारीं गेवराईंत गूळ वाटला गेला, त्याच ४ डिसेंबर रोजीं मेलबर्नला उपांत्य सामना झाला. समोर पुन्हा युगोस्लाव्हिया. मध्यंतरापर्यंत गोल नाहीं. बावन्नाव्या मिनिटास डिसूझानें गोल केला आणि कांहीं क्षण असे गेले कीं भारत ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यांत जाण्याच्या उंबरठ्यावर होता. दोनच मिनिटांत युगोस्लाव्हियानें तो फेडला, मग एकामागून एक आणखी केले. शेवटीं चार विरुद्ध एक. कांस्यपदकाच्या सामन्यांत बल्गेरियानें आपणांस तीन गोलांनीं हरविलें. चौथा क्रमांक. डिसूझाचे एकंदर गोल चार. त्याहून अधिक त्या स्पर्धेंत कोणाचेच नव्हते, तितकेच आणखी दोघांचे. ह्याच रहीम यांच्या शिकवणीखालीं भारतानें १९५१ सालीं दिल्लीस व १९६२ सालीं जाकार्ता येथें आशियाई स्पर्धांचें सुवर्णपदक मिळविलें. १९६३ सालीं कर्करोगानें ते वारले. डिसूझा १९८० सालीं गेले. १९६० च्या रोम येथील स्पर्धेनंतर भारताचा संघ ऑलिंपिकच्या फुटबॉल मैदानावर पुन्हा दिसलेला नाहीं. २०२४ सालीं रहीम यांच्या जीवनावर 'मैदान' नांवाचा हिंदी चित्रपट निघाला, तो पाहावयास चाचा नव्हते. ते त्याच्या कितीतरी आधीं वारले.

त्यांच्या मृत्यूनंतर मी घरीं भेटावयास गेलों असतां त्यांच्या नातवानें एक पत्र्याची पेटी आणून पुढें ठेवली. "दादा म्हणायचे, फादरसाहेबांना दाखवा," असें तो म्हणाला. पेटींत शिवणकामाची जुनी कात्री होती आणि एक पोस्टकार्ड. मजकूर उर्दूंत. मला उर्दू वाचतां येत नाहीं. नातू मराठी शाळेंत शिकलेला, त्यालाही येत नव्हती. शेवटीं शेजारचे एक मौलवी आले आणि त्यांनीं चष्मा पुसून तें सावकाश वाचून दाखविलें.

कार्ड मामांचें होतें. सामन्याची बातमी कळली त्याच रात्रीं लिहिलेलें. गेवराईस आलें तें आठवड्यानें, म्हणजे युगोस्लाव्हियाकडून झालेली हार येथें कळून चुकल्यावर. मामांना त्या हारीची वार्ता नव्हती. त्यांनीं लिहिलें होतें कीं, आपल्या लोकांनीं चार दिले, दोन घेतले. डिसूझा नांवाचा मुंबईचा पोरगा आहे, वाघ आहे. रहीमसाहेबांचें नांव आज हैदराबादेंत जो तो घेत आहे. आतां दोनच सामने राहिले, सोनें येणार ह्यांत शंका नाहीं. आईला सलाम. वडिलांची तब्येत कशी आहे तें कळवावें. कापसाला काय भाव मिळाला तेंही लिहावें. आणि कडेला, जागा उरली नव्हती म्हणून आडव्या बारीक अक्षरांत, असें होतें: तुझे बूट येथेंच राहिले आहेत; गेवराईकडे येणारा कोणी भेटला तर त्याच्याबरोबर पाठवितों, तोंवर पाय वाढूं देऊं नकोस.

ते बूट पुढें आले कीं नाहीं, हें चाचांना विचारावयाचें माझें राहून गेलें.